खेळाडूंचे आंदोलन आणि नेत्यांची वक्तव्ये : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८ जानेवारी २०२३ रोजी विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांच्यासह देशातले नामवंत मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी महिला मल्लांचा लैंगिक छळ केला, असा त्यांचा आरोप होता. सिंह यांनी तो पहिल्यापासून नाकारला. पुढच्या पाच महिन्यांत या आंदोलनावर खासदार बोलले, मंत्री बोलले, क्रीडा संघटनांचे पदाधिकारी बोलले. कोणी त्याला बेशिस्त म्हटले, कोणी राजकीय डाव ठरवले, कोणी उघड पाठिंबा दिला. देशासाठी खेळणाऱ्याला असे बसण्याचा अधिकारच नाही, असे एका बाजूने सांगितले गेले. असे बोलणाऱ्या नेत्यावर थेट गुन्हा दाखल झाला पाहिजे, असे दुसरी बाजू म्हणत राहिली. दोन्ही दावे कायद्यात बसत नाहीत. भारतीय कायदा नेत्याच्या मताला हात लावत नाही, मग ते मत कितीही कटू असो. तो अडवतो खोट्या आरोपाला, धमकीला, पीडितेची ओळख उघड करण्याला आणि बोलण्यामागून येणाऱ्या सत्तेच्या वापराला. ही रेघ नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसले की नुकसान खेळाडूंचे होते. जिथे दाद मिळू शकते तिथे ते जात नाहीत, आणि जिथे मिळणार नाही तिथे शक्ती खर्च होते.

देशाची जर्सी आणि सरकारी नोकरी

२७ एप्रिल २०२३ रोजी पी. टी. उषा यांनी मल्लांचे रस्त्यावर उतरणे ही बेशिस्त आहे आणि त्याने देशाची प्रतिमा मलिन होते, अशा अर्थाचे विधान केले. त्या तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्यही. काही दिवसांनी, ३ मे रोजी, त्या जंतरमंतरवर जाऊन मल्लांना भेटल्या. पण आंदोलन म्हणजेच शिस्तभंग, हा समज त्या विधानामुळे पक्का झाला.

शांततेने, शस्त्रांविना एकत्र येण्याचा आणि बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. राष्ट्रीय संघात निवड झाली म्हणून तो संपत नाही. आंदोलनातले प्रमुख मल्ल रेल्वेत नोकरीला होते, त्यामुळे सरकारी सेवकाला निदर्शने करता येत नाहीत असेही म्हटले गेले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सोडवला आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना कोणत्याही स्वरूपाच्या निदर्शनांची सरसकट बंदी करणारा नियम न्यायालयाने रद्द ठरवला. संपाचा मूलभूत हक्क मात्र नाही, असेही त्याच निकालात सांगितले.

जागेचे आणि वेळेचे बंधन वेगळे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑक्टोबर २०१७ मध्ये जंतरमंतरवरची निदर्शने बंद केली होती. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी मोडली आणि पोलिसांना नियमावली करायला सांगितले. २८ मे २०२३ ला मल्ल नव्या संसद भवनाकडे निघाले, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि गुन्हे दाखल केले ते परवानगी आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मुद्द्यावर. त्या दिवशी ऑलिंपिक पदकविजेत्यांना रस्त्यावरून फरफटत नेल्याची दृश्ये देशाने पाहिली, आणि ती कोणालाही अस्वस्थ करतील अशीच होती. परंतु त्या कारवाईनेही आंदोलनाचा मूळ हक्क बेकायदा ठरत नाही.

मंत्र्यांच्या तोंडासाठी वेगळा कायदा नाही

मंत्र्याने जबाबदारीने बोलावे, अशी अपेक्षा रास्त आहे. त्या अपेक्षेलाच लोक कायदा समजतात. मल्ल धरण्याला बसण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, ३ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नेमक्या याच विषयावर निकाल दिला होता. कौशल किशोर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हे ते प्रकरण. जुलै २०१६ मध्ये बुलंदशहरजवळ महामार्गावर सामूहिक बलात्काराची घटना घडली. राज्याचे तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी तिच्यामागे राजकीय कट असल्याचे म्हटले. पीडितांच्या कुटुंबाने न्यायालयात धाव घेतली. खान यांनी बिनशर्त माफी मागितली, ती स्वीकारलीही गेली, पण त्यातून निघालेले घटनात्मक प्रश्न घटनापीठाकडे गेले.

पीठात न्यायमूर्ती अब्दुल नझीर, मूळचे अमरावतीचे भूषण गवई, ए. एस. बोपण्णा, व्ही. रामसुब्रमणियन आणि बी. व्ही. नागरत्ना होते. बहुमताचा निकाल रामसुब्रमणियन यांनी लिहिला. भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची कारणे कलम १९ च्या दुसऱ्या उपकलमात दिली आहेत : देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्यात न्यायालयाला नवे कारण घालता येणार नाही, असे पीठाने सांगितले. म्हणजे ‘मंत्रिपदाला न शोभणारे’ किंवा ‘पीडितेला दुखावणारे’ हे बोलणे अडवण्याचे स्वतंत्र कायदेशीर कारण नाही.

याच निकालाने दुसरा एक समजही मोडला : मंत्री बोलला म्हणजे सरकार बोलले, हा. सामूहिक जबाबदारीचे तत्त्व लावून एका मंत्र्याचे विधान सरकारच्या माथी मारता येत नाही, असे बहुमताने ठरवले. नागरत्ना यांनी इथे वेगळे मत दिले. विधान सरकारच्या भूमिकेशी जुळणारे असेल तर ते सरकारचे धरता येईल, नाही तर ते त्या मंत्र्याचे वैयक्तिक, असे त्यांचे म्हणणे. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींना अशा बोलण्यापासून रोखणारा कायदा संसदेने करावा का, हे संसदेने ठरवावे, आणि राजकीय पक्षांनी आपल्या माणसांसाठी आचारसंहिता करावी, असेही त्यांनी नमूद केले.

खेळाडूंच्या दृष्टीने या निकालातला सर्वांत कामाचा भाग फारसा चर्चेत आला नाही. नुसत्या विधानावर नुकसानभरपाई मागता येत नाही, परंतु त्या विधानाच्या परिणामी अधिकाऱ्यांनी काही केले किंवा करायचे ते टाळले आणि त्यातून नागरिकाची हानी झाली, तर तो घटनात्मक अपकृत्याचा, म्हणजे राज्ययंत्रणेने केलेल्या हक्कभंगाबद्दल भरपाई मागण्याचा, विषय होऊ शकतो. उदाहरण घ्यायचे तर, आंदोलन करणाऱ्या मुलींना धडा शिकवला पाहिजे असे मंत्री म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय शिबिराच्या यादीतून त्यांचीच नावे गळाली. इथे मंत्र्याच्या वाक्यापेक्षा यादीतली काटछाट महत्त्वाची. शिबिराचे आदेश, निवड चाचणीच्या नोटिसा, अनुदानाची पत्रे जपून ठेवणे म्हणूनच भाषणाची चित्रफीत जपण्याइतकेच गरजेचे आहे.

अमेरिकेत तरी नेत्यांना असे बोलता येत नाही, असाही एक समज आहे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर सभेत म्हटले की, राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या फुटबॉलपटूंना संघमालकांनी हाकलून द्यावे. त्यानंतर तिथल्या एका फौजदारी कलमाची खूप चर्चा झाली. खासगी संस्थेच्या नोकरीविषयक निर्णयावर दबाव आणणाऱ्या राष्ट्राध्यक्षासह सरकारी व्यक्तींना त्यात १५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. दबाव केवळ पक्षीय संलग्नतेच्या आधारावर असला पाहिजे, आणि त्यासाठी सरकारी कृती करण्याची किंवा रोखण्याची धमकी वा लालूच दाखवलेली असली पाहिजे. गुडघा टेकणे कोणत्या पक्षाचे सदस्यत्व नव्हे, त्यामुळे ते कलम तिथे लागू पडणे अवघड होते. मे २०२४ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन विरुद्ध वुलो या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की सरकारी अधिकारी टीका करू शकतो, मन वळवू शकतो, पण अधिकाराचा धाक घालून नावडते बोलणे दडपू शकत नाही. रेघ तिथेही सत्तेच्या वापरापाशीच आहे.

‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’

हे वाक्य दोन उलट कामांसाठी वापरले जाते. प्रश्न टाळायचा असला की नेता ते म्हणतो. नेत्याने बोलू नये असे वाटले की विरोधक तेच त्याला ऐकवतात. प्रत्यक्षात न्यायप्रविष्ट विषयावर न बोलण्याचा ठळक नियम आहे तो सभागृहासाठी. लोकसभेच्या नियम ३५२ प्रमाणे सदस्याने भाषणात न्यायालयाच्या निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या वस्तुस्थितीचा उल्लेख करायचा नसतो. सभागृहाबाहेर, पत्रकार परिषदेत किंवा गावच्या सभेत, हा नियम लागू नाही.

बाहेर लागू होतो तो १९७१ चा न्यायालय अवमान कायदा. न्यायालयाची बदनामी करणारे किंवा न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ करणारे प्रकाशन हा त्याखाली फौजदारी अवमान आहे. मात्र फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ कधी धरायचे, याची व्याख्या कायद्यातच आहे : दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, किंवा न्यायालयाने आरोपीला समन्स वा वॉरंट काढल्यावर. मल्लांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२३ ला नोटीस काढली, २८ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी दोन गुन्हे नोंदवले आणि ४ मे रोजी न्यायालयाने याचिका निकाली काढली. दोषारोपपत्र आले १५ जूनला. म्हणजे आंदोलनावरच्या बहुतेक गाजलेल्या वक्तव्यांच्या वेळी या कायद्याच्या अर्थाने फौजदारी खटला प्रलंबित नव्हताच. प्रलंबित असला तरी न्यायदानात भरीव अडथळा आल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. ‘आरोप खोटे आहेत असे मला वाटते’ एवढ्याने अवमान होत नाही. साक्षीदारांवर किंवा न्यायालयावर दडपण आणणारे बोलणे निराळे.

सभागृहाच्या आतली गोष्ट उलटी आहे. तिथे बोलायला नियमांचा लगाम आहे, पण न्यायालयाचा नाही. कलम १०५ प्रमाणे संसदेत बोललेल्या कशाबद्दलही खासदारावर खटला भरता येत नाही. १९६९ मध्ये लोकसभेत पुरीच्या शंकराचार्यांविषयी काढलेल्या उद्गारांवरून त्यांचे अनुयायी न्यायालयात गेले. १९७० मध्ये तेज किरण जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘कशाबद्दलही’ याचा अर्थ खरोखरच सर्व काही, असा निर्वाळा दिला. नियम ३५३ नुसार मात्र कुणाही व्यक्तीवर बदनामीकारक आरोप करण्याआधी सभापतींना आणि संबंधित मंत्र्यांना सूचना द्यावी लागते, आणि अशोभनीय शब्द कामकाजातून काढून टाकता येतात. तेच वाक्य संसदेच्या आवारात कॅमेऱ्यासमोर पुन्हा उच्चारले की विशेषाधिकार संपतो.

अब्रुनुकसानी

खेळाडूच्या हातातले सर्वांत थेट हत्यार हेच, आणि वापरायला सर्वांत जड असेही हेच. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी घटनाबाह्य नसल्याचे ठरवले.

एखादा आमदार सभेत म्हणाला की या मुलींनी मैदान सोडून फुटपाथ धरला हे मला पटत नाही, तर ते त्याचे मत आहे. सार्वजनिक प्रश्नावर सद्भावनेने मांडलेल्या मताला कायद्यातच अपवाद दिलेला आहे. तोच आमदार म्हणाला की अमुक खेळाडूने अमुक पक्षाकडून पैसे घेऊन खोटी तक्रार दिली, तर तो तथ्याचा आरोप झाला. मग ते खरे होते आणि लोकहितासाठी सांगणे गरजेचे होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘हे सगळे पैलवान विकले गेलेत’ असे मोघम वाक्य मात्र बहुधा निसटते, कारण बदनामी कोणाची झाली ते ओळखू आले पाहिजे.

प्रक्रियेत मोठा गैरसमज आहे. लोक पोलीस ठाण्यात जातात. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस त्यावर आपणहून एफआयआर नोंदवत नाहीत. जिची बदनामी झाली तिनेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची, शपथेवर जबाब द्यायचा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, आता आणखी एक पायरी वाढवली आहे : गुन्ह्याची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. लखनौच्या किंवा सोनीपतच्या शिबिरात सराव करणाऱ्या मुलीने तारखेमागून तारखेला दुसऱ्या शहरातल्या न्यायालयात हजर राहायचे, हे त्याचे प्रत्यक्ष रूप.

उलट मंत्र्याची, त्याच्या सरकारी कामासंदर्भात, बदनामी झाली तर त्याच्या वतीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो. त्यासाठी सरकारची मंजुरी आणि सहा महिन्यांची मुदत एवढ्या अटी आहेत. हा असमतोल कायद्याच्या मजकुरातच आहे आणि तो अन्यायकारक आहे. आंदोलक खेळाडू मंत्र्यावर बोलली तर राज्याची यंत्रणा तिच्याविरुद्ध उभी राहू शकते. मंत्री तिच्यावर बोलला तर तिला एकटीलाच पायऱ्या चढाव्या लागतात.

तरीही अशा खटल्यांना दात नाहीत, असे म्हणणे चूक आहे. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते. मल्लांच्या आंदोलनाच्याच वर्षी, २३ मार्च २०२३ रोजी, सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना निवडणूक प्रचारातल्या एका वाक्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली.

ओळख आणि धाक

लैंगिक छळाच्या कोणत्याही तक्रारदाराचे नाव घेतले की गुन्हा होतो, असे सर्रास समजले जाते. ओळख उघड करण्यावरची दंड संहितेतली बंदी बलात्कार आणि त्याला जोडलेल्या गुन्ह्यांपुरती आहे. मल्लांच्या तक्रारीतली विनयभंगाची, छळाची आणि पाठलागाची कलमे तिच्यात येत नाहीत. ही मोठी फट आहे. तक्रारदार अल्पवयीन असेल तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते : नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंबाचा तपशील, काहीही माध्यमांतून देता येत नाही. सिंह यांच्यावरच्या दोन गुन्ह्यांपैकी एक पॉक्सोखाली होता. पोलिसांनी तो रद्द करण्याचा अहवाल दिला आणि न्यायालयाने तो २६ मे २०२५ रोजी स्वीकारला. इतर महिला मल्लांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये आरोप निश्चित होऊन खटला उभा राहिला.

धमकीच्या बाबतीत कायद्यात अशी फट नाही. साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला लावण्यासाठी त्याच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याचा धाक घातला, तर न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि धमकी देणारा खासदार आहे की गावगुंड याने फरक पडत नाही.

खेळाडू उमेदवार झाल्यावर

६ सप्टेंबर २०२४ ला विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. विनेश हरियाणातल्या जुलाना मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि ८ ऑक्टोबरला निवडून आल्या. राजकारणात आल्यावर त्यांच्यावर काहीही बोलता येते, हा समज तेव्हा पसरला. खरे तर उमेदवार झाल्यावर एक जादा संरक्षण मिळते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान, प्रतिस्पर्धी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने केलेले, हे लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. राजकीय भूमिकेवरची टीका यात येत नाही.

त्याच दिवसांत भाजपने ब्रिजभूषण सिंह यांना विनेश आणि बजरंग यांच्याविषयी वक्तव्ये न करण्यास सांगितल्याच्या बातम्या आल्या. दीड वर्षात कोणत्याही न्यायालयाने जे केले नव्हते ते प्रचाराच्या गणिताने केले. पक्षाने दिलेली समज हा कायदा नव्हे, तिच्यावर खेळाडूला हक्क सांगता येत नाही.

नेता जेव्हा संघटनेचा पदाधिकारी असतो

भारतात हा प्रश्न सारखा येतो, कारण क्रीडा संघटनांच्या खुर्च्यांवर राजकारणी माणसे मोठ्या संख्येने बसलेली असतात. अशा वेळी दोन टोप्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात. खासदार म्हणून त्याला मत मांडता येते. संघटनेचा अध्यक्ष म्हणून तो २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने बांधलेला आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण ही कामाची ठिकाणे धरली आहेत, आणि कलम १६ नुसार अंतर्गत समितीपुढच्या तक्रारीचा मजकूर, तक्रारदार आणि साक्षीदार यांची ओळख जाहीर करता येत नाही. दंड संहितेतली वर सांगितलेली फट इथे काही प्रमाणात भरून निघते, पण त्यासाठी मुळात समिती असावी लागते. १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या पाहणीचा दाखला दिला : ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये ही समितीच नव्हती. मल्ल तेव्हा जंतरमंतरवर बसलेले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्याने राष्ट्रीय क्रीडा संघटनांवर नीतिसंहिता करण्याची जबाबदारी टाकली, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेसाठी धोरणाची तरतूद केली आणि क्रीडाविषयक वादांसाठी लवाद आणला. या संहितेच्या आधारे पदाधिकाऱ्याच्या वर्तनाविरुद्ध संघटनेतच तक्रार करता येते. संघटनेत कोणतेही पद नसलेल्या आमदाराला, खासदाराला किंवा मंत्र्याला ती लागू होत नाही.